पडीक म्हणजे काय

मी पालघरजवळच्या माहीमच्या शाळेत लागले तेव्हा वय बावीस आणि अक्कल, माझ्या मते, पन्नाशीची. पालघरहून एसटीने जायचे. पदर इतक्या पिनांनी टाचलेला असायचा की समुद्राचा वाराही हात लावायला धजत नसे.

त्या पावसाळ्यात पंचायतीने गावाचा नकाशा करायला घेतला. पडीक जमिनीवर सुरूची झाडं लावायची होती. नकाशा गावानेच काढायचा, आणि अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे.

शाळेच्या पडवीत बायका जमल्या आणि रांगोळीने गाव जमिनीवर उतरू लागलं. घोडं अडलं ते नावांपाशी. वाडीवाल्या ज्याला ओहोळ म्हणत, त्यालाच कोळणी खाडी म्हणत. बऱ्याच हुज्जतीनंतर ठरलं, भरतीचं पाणी चढतं तिथपर्यंत खाडी, त्याच्या वर ओहोळ. ते जमलं तसा मला चेव आला. पडीक म्हणजे काय, हे मी एकटीनेच ठरवून टाकलं: जिथे पीक नाही, बांधकाम नाही, ती जागा पडीक. छत्री घेऊन गावभर हिंडताना किनाऱ्यालगत गुडघाभर गवताचं एक मैदान पाहिलं होतं. रांगोळीत तिथे ऐटीत फुली मारली.

त्या फुलीवर एका म्हातारीने पाय ठेवला. शाळेसमोर सुकी मासळी विकायला बसायची तीच.

"मास्तरीणबाय, हितं आमी बोंबील सुकवतो."

मी म्हटलं, मला तर तिथे एक काठीही दिसली नाही. बायका पदराआड हसल्या. पावसात होड्या वर ओढलेल्या, वाळवणाचे बांबू आणि दोऱ्या घराघरांच्या माळ्यावर, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी पडले घाटावरची, मासा मला थेट ताटातच भेटलेला. तरी मी व्याख्या पुन्हा वाचून दाखवली, मोठ्याने. आज आठवलं की स्वतःचाच कान पिरगळावासा वाटतो.

म्हातारीने पाय हलवला नाही. "तुजी शाला मे म्हयन्यात बंद असते. तवा ती पडीक हाय का?"

तिचा आवाज शांत होता. तिने पुढे विचारलं: सुरू वाढले, सावली पडली, की मासळी सुकवायची कुठे? तिचं घर त्यावरच चालायचं. मी माझी व्याख्या खोडली.

मग सगळ्यांनी मिळून नवं ठरवलं: बाराही महिन्यांत जिथे कुणाचंच काम नसतं, ती पडीक. तशी जागा गावात फारच थोडी निघाली. ग्रामसेवकांनी कपाळाला हात लावला, पण नकाशा तसाच पुढे गेला.

नारळी पौर्णिमा होऊन ऊन तापलं, तेव्हा म्हातारी मला हाताला धरून त्या मैदानात घेऊन गेली. दोऱ्यादोऱ्यांवर बोंबील लटकत होते. वासाने मी पदर नाकाकडे ओढला आणि खांद्याची पिन तुटली.

"नकाशात ह्यो वास पन लिव," ती म्हणाली, आणि स्वतःच्या पदराची पिन काढून मला लावून दिली. ती साडी मी तीनदा धुतली. चौथ्यांदा धुवावीशी वाटली नाही.