रंगाच्या टोकाकडून कापायचं नाही

सातपूरच्या आमच्या दुकानात रोज संध्याकाळी झाडून काढलं तरी करवतीखाली ॲल्युमिनियमचा थोडा चुरा उरतोच. किश्शांचंही तसंच आहे. कितीही सांगितले तरी तळाशी दोन-चार शिल्लक असतातच, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आम्ही तिघं. भाऊ मालक, युसूफभाई करवतीवर आणि मी काउंटरला. ॲल्युमिनियम म्हणजे डबे-पातेली एवढंच मला ठाऊक होतं. इथे आल्यावर कळलं की त्याचेही प्रकार असतात, प्रत्येकाला नंबर असतो, आणि गिऱ्हाईक हमखास चुकीचा नंबर पाठ करून येतं. म्हणून युसूफभाईंचा नियम एकच. "नंबर नंतर सांगा, आधी काम सांगा."

*

इंजिनिअरिंग कॉलेजची चार मुलं आली. स्पर्धेसाठी छोटी रेसिंग कार बनवायची होती. त्यांना ७०७५ च हवं होतं. "चाचा, विमानात हेच असतं. सगळ्यात स्ट्राँग!"

"विमानाला रिव्हेट मारतात. तुम्ही काय मारणार?"

"वेल्डिंग."

"मग जमिनीवरच राहा," युसूफभाई म्हणाले आणि त्यांना ६०६१ दिलं. ७०७५ ला वेल्डिंग केलं की जोडापाशी चिरतं.

महिन्याभराने पोरं पेढे घेऊन आली. गाडी शेवटून दुसरी आली होती, पण तुटली नव्हती.

*

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेले एक काका खिडक्यांसाठी आले. खिडकीला साधं ६०६३ लागतं, ते दिसायलाही छान. काकांना मात्र सगळ्यात कडक माल हवा होता, चोराला वाकवता येऊ नये असा. अर्धा तास त्यांनी आम्हाला सुरक्षेवर व्याख्यान दिलं.

युसूफभाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "काका, मधे काचच बसवणार ना?"

काका ६०६३ घेऊन गेले.

*

निफाडचे एक द्राक्षबागायतदार फवारणीच्या टाकीला पट्ट्या करायला पत्रा न्यायला आले. "लय कडक द्या."

"वाकवायचाय का?" युसूफभाईंनी विचारलं. "मग ५०५२ न्या. ६०६१ वाकवताना चिरेल."

"नाय, कडकच द्या."

दुसऱ्या दिवशी ते परत आले. एका हातात अर्धी पट्टी, दुसऱ्या हातात उरलेली अर्धी. "आधी का नाय सांगितलं?"

"सांगितलं होतं."

"मंग जोरात का नाय सांगितलं?"

*

जोरात सांगण्याचं काम आमच्याकडे भाऊंचं. दांडा कुठल्या प्रकारचा हे ओळखायला त्याच्या एका टोकाला रंग लावलेला असतो. ६०६१ ला हिरवा, ७०७५ ला लाल. युसूफभाईंनी दांडा उचलला की भाऊ खुर्चीतून ओरडणार, "हिरवा, युसूफ!" पहिल्या दिवशी मी वैतागून विचारलं, "त्यांना दिसत नाही का?"

"मालक दुसरं काय करणार? ओरडणार," भाऊ म्हणाले.

*

पहिल्याच आठवड्यात मी पराक्रम केला. शुक्रवार होता, भाऊ बाहेर होते, युसूफभाई नमाजला गेले होते आणि गिऱ्हाईक घाई करत होतं. मी स्वतःच करवत चालवली आणि रंग न बघताच दांडा कापला, तो नेमका रंगाच्या टोकाकडून. रंग गिऱ्हाइकाबरोबर गेला आणि उरलेला दांडा कोणता ते आता कोणी सांगू शकेना. युसूफभाई एवढे चिडलेले मी पुन्हा कधी पाहिले नाहीत. "रंगाच्या टोकाकडून कधी कापायचं नाही, बेटा!"

तो दांडा आम्ही कुणालाच विकला नाही. त्याचं नाव बेवारस. तो दाराशी टांगलाय आणि जेवायच्या सुट्टीला मी तो वाजवते.

*

मध्यंतरी भाऊंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आठ दिवस ते घरी होते. चौथ्या दिवशी एक वेल्डर दवाखान्याच्या स्ट्रेचरसाठी ६०६१ घ्यायला आला. युसूफभाईंनी दांडा करवतीवर चढवला. टोक लाल होतं.

"युसूफभाई, हा लाल आहे."

त्यांनी दांडा उतरवला. वेल्डर गेल्यावर स्टुलावर बसले. "लाल आणि हिरवं मला लहानपणापासून सारखंच दिसतं, बेटा. भाऊंना ओरडायची सवय आहे म्हणून निभावलं. त्यांना सांगू नकोस. या वयात मला दुसरीकडे कोण घेणार?"

मी नाही सांगितलं. उरलेले दिवस मीच ओरडत राहिले.

नवव्या दिवशी भाऊ आले, खुर्चीत बसले, पेपर उघडला. युसूफभाईंनी दांडा उचलला आणि माझ्या तोंडून सवयीने निघालं, "हिरवा, युसूफभाई!"

भाऊंनी पेपर खाली केला. हळूच विचारलं, "तुला किती दिवस लागले कळायला?"

"तुम्ही नसताना... चार," मी म्हणाले.

"मला एक लागला होता. एकोणीस वर्षं झाली."

तेवढ्यात युसूफभाईंनी पुढचा दांडा चढवला आणि आम्ही दोघं एकदमच ओरडलो, "लाल!"

युसूफभाईंनी करवत बंद केली. आधी भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"एकानंच सांगा की. मी बहिरा थोडाच आहे."