तापीच्या सासरी

फैजपूरच्या लताबाई भारंबे यांनी साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. त्यांची ओळख तापीशी. दर आषाढात तापीमायच्या जन्माच्या सप्तमीला त्या नदीवर जाऊन तिची ओटी भरायच्या. नारळ, मूठभर गहू, हळदकुंकू. ओल्या हाताला चिकटलेले चार दाणे पदराला बांधून घरी आणायच्या. ओटी घेणारी बाई चार दाणे माघारी देतेच, तशी नदीही देते, असं त्यांच्या सासूनं शिकवलं होतं.

म्हणून मुलगा हितेंद्र मुंबईहून गोव्याला मोठ्या जहाजानं नेतो म्हणाला, तेव्हा त्यांच्या मनात एकच आलं. तापी समुद्राला मिळते, म्हणजे ते तिचं सासर. तिथं रिकाम्या हातानं कसं जायचं? त्यांनी देवापुढचा नारळ पिशवीत घातला, गहू आणि हळदकुंकवाची पुडी पदराला बांधली. त्यांचे यजमान शालिग्रामभाऊ यांनी आपल्या बागेतल्या केळीची फणी घेतली. जहाज म्हणजे मोठी नाव, काठाशी बसून पाण्यात हात घालता येईल, असं लताबाईंनी धरूनच ठेवलं होतं.

बंदरावर सामान यंत्रातून गेलं आणि नारळ, केळी तिथंच राहिली. बाहेरचं खाणं आत चालत नव्हतं. हे खाणं नाही, ओटी आहे, असं त्यांनी तपासणीवरच्या पोराला सांगून पाहिलं. त्यानं हात जोडले, पण नारळ काही दिला नाही. पदराला बांधलेलं तेवढं आत आलं.

खोली पाहिली तर तिला खिडकीच नव्हती. हितेंद्रचं तोंड उतरलं. शालिग्रामभाऊ पलंगावर टेकले आणि म्हणाले, "पोरानं आपल्याले केळी पिकवायच्या खोलीत घातलं व. आता पिकूनच बाहेर निघू."

लताबाईंनी त्यांच्याकडे डोळे वटारले आणि गादी किती मऊ आहे ते मुलाला दोनदा सांगितलं.

वर गेल्या तर समुद्र पार खाली, माडीवरून विहिरीत वाकून पाहावं तसा. पाण्यात काही टाकू नये, अशी पाटी कठड्यावर लावलेली. पाटी बरोबरच होती, त्यांना ते पटलं. पण पदराची गाठ मुठीत धरून त्या तिथंच बसून राहिल्या. वारा गोड होता. सूर्य पाण्यात गेला तेव्हा त्यांनी हात जोडले. आत गाणी सुरू झाली, नाना तऱ्हेचं जेवण मांडलं होतं. शालिग्रामभाऊंनी तिथलं केळं उलटंपालटं करून पाहिलं, आपल्याकडचं नाही म्हणून निकाल दिला आणि दोन खाल्ली.

गोव्यात उतरून बसनं नुसती देवळं पाहून आले. परतीच्या दिवशी हितेंद्र आईजवळ येऊन बसला. आवडलं नाही का, असं त्यानं हळूच विचारलं. लताबाईंना खोटं बोलता येईना.

"आवडलं रे बाबा. तू हौसेनं आणलं. पण समुद्र नुसता दिसला, हाताले काही लागला नाही." मग त्यांनी ओटीचं सांगितलं.

मुंबईत उतरल्यावर टॅक्सी हितेंद्रनं स्टेशनावर न नेता चौपाटीला नेली. वाटेत एक नारळ घेतला.

"एवढ्या जहाजात बसलो," शालिग्रामभाऊ चपला हातात घेत म्हणाले, "अन् समुद्राले पायीच यावं लागलं."

लताबाईंनी लुगडं जरा वर खोचलं. पहिली लाट पायांवरून गेली, तेव्हा त्या जागच्या जागी थबकल्या. मग वाकून पाण्याला हळदकुंकू वाहिलं, गाठ सोडून गहू सोडले आणि नारळ अलगद ठेवला. नारळ गेला. दुसऱ्या लाटेबरोबर परत येऊन त्यांच्या घोट्याला लागला. त्यांनी पुन्हा ढकलला, पुन्हा आला.

"घेत नाही तापीमाय," शालिग्रामभाऊ म्हणाले. "घरचा नाही ना."

हितेंद्रनं आईकडे पाहिलं. लताबाईंनी वाकून नारळ उचलला, पदरानं पुसला.

"घेतली तिनं ओटी," त्या म्हणाल्या. "गहू ठेवले. हे माघारी दिलं."

घरी पोचल्यावर आंघोळ करून त्यांनी तो नारळ देवापुढे फोडला. शेजारच्या कुंदाबाई जहाजाचं ऐकायला आल्या होत्या. जहाज लई मोठं होतं, एवढं सांगून लताबाईंनी त्यांच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"हे आधी खा. तापीच्या सासरचं आहे."