पोरांच्या ओळीत
परवा निपाणीत चपलांच्या दुकानात खोगिरासारखा कोऱ्या चामड्याचा वास आला आणि काकतीजवळच्या घोडेस्वारीच्या मैदानावरचे माझे पहिले दिवस डोळ्यांसमोर उभे राहिले. चाळिशी गाठलेली मी, गणिताची शिक्षिका, तिथं घोडेस्वारी शिकायला गेलते. लष्करातून निवृत्त झालेले मास्तर म्हणाले, "आक्का, तुमी एकट्यानंच शिका. गटात सगळी शाळकरी पोरं हायत, अवघडल्यागत व्हईल." मलाही ते पटलं, कारण त्या पोरांत माझ्याच वर्गातली एक मुलगी होती. पण मला एकटीला घेऊन मास्तरांनी दिलेली घोडी हलेनाच. कुंपणापलीकडच्या पोरांच्या घोड्यांकडं बघून ती नुसती खिंकाळत राहिली, आणि लगाम धरून माझे हात घामानं चिकट झाले. शेवटी मीच म्हणाले, "मास्तर, मला गटात घ्या." ओळीत शिरल्याबरोबर घोडी आपणहून चालायला लागली. तेवढ्यात शेजारच्या उसातून ट्रॅक्टर धडधडत आला, घोडी बिचकली आणि मी तिच्या मानेवर आडवी झाले. पुढच्या घोड्यावरून माझी विद्यार्थिनी वळली. वर्गात कधी तोंड न उघडणारी ती पोर खणखणीत आवाजात म्हणाली, "बाई, खाली बघू नका! लगाम जरा ढिला सोडा, ती येती माझ्या मागनं." मी सोडला, आणि घोडी खरंच गेली. सगळं मैदान आम्ही दुडक्या चालीनं फिरून आलो. मी मोठ्यानं हसत होते. मी अजून त्या मैदानावर जाते. आता एकटीची शिकवणी मागायला कुणी बाई आली, की मास्तर तिला आधी माझ्याकडं पाठवतात, आणि मी तिला सरळ पोरांच्यात उभी करते.