अर्जात त्रुटी आहे

जगातल्या प्रत्येक कागदात चूक असते, फक्त ती काढणारा माणूस भेटावा लागतो. आणि असा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच झाला, तो म्हणजे आमच्या महाविद्यालयाचे बडे बाबू. हेडक्लार्कला आमच्याकडे बडे बाबूच म्हणतात. प्राचार्यांचा रजेचा अर्जसुद्धा ते लाल शाईने ‘त्रुटी’ लिहून परत पाठवत. घरी आलेल्या एका लग्नपत्रिकेत नवरदेवाचा मामा वधूपक्षात छापलेला सापडला, तेव्हा त्यांनी पत्रिका दुरुस्तीसाठी परत केली आणि जेवायला मात्र वेळेवर गेले.

एकदा विद्यापीठाचं परिपत्रक आलं: तरुण संशोधकांच्या मनावरचा ताण कमी करण्यासाठी कक्ष उघडावा. प्राध्यापकांनी एकमेकांकडे पाहिलं. ताण वाढवण्याचं काम त्यांच्याकडे आधीच होतं. शेवटी ज्याच्या खोलीत कपाट रिकामं त्याच्याकडे कक्ष, या न्यायाने तो बडे बाबूंकडे आला. मन म्हणजे काय याचा विचार करण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. सरळ आवक-जावक रजिस्टर आखलं. कोणी रडत आलं की आधी नोंद: तारीख, वेळ, विषय. विषयात ‘गाइड’, ‘प्रयोग फसला’, ‘घरचे लग्नाचं विचारतात’ असं सुवाच्य अक्षरात. मग चहा, भुईमुगाच्या शेंगा, आणि दर अर्ध्या तासाने कार्यालयीन आवाजात प्रश्न, “जावक करू काय आता?” मान हलली नाही तर माणूस तिथंच बसून राही. वनस्पतिशास्त्राचा एक पोरगा सकाळी अकराला आवक झाला तो साडेपाचला जावक झाला, तोवर त्याने सगळ्या शेंगा सोलून ठेवल्या होत्या.

त्यांना हसणाऱ्यांत मी पहिली. माझं काम कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीवर. शेतात फवारणीला दाद न देणारी ही बया माझ्या प्रयोगशाळेत मात्र पटापट मरायची. लिहिलेलं प्रकरण आठ महिने गाइडच्या टेबलावर पडून. झोप उडाली, फोन वाजला तरी धडधडायचं. एका सोमवारी मी पीएच.डी.ची नोंदणी रद्द करण्याचा अर्ज बडे बाबूंपुढे ठेवला. चार वर्षं एका पानात मावली होती.

“समास कमी सोडला,” ते म्हणाले. मंगळवारी विषयाखालची रेघ वाकडी निघाली. बुधवारी सोबतच्या कागदांची यादी नव्हती. गुरुवारी म्हणाले, “कारण तं लिहेलंच नाई तू.”

“वैयक्तिक लिहिलंय ना!”

“वैयक्तिक हे काई कारण असते काय, माय? काय झालं थे लिही. लंबं झालं तरी चालते.”

मी चिडून तिथंच, त्यांच्याच टेबलावर, चार पानं लिहिली. तिसऱ्या पानावर रडू फुटलं. त्यांनी चारही पानं चष्मा लावून वाचली, एकही लाल खूण केली नाही, आणि उठून गाइडच्या खोलीत गेले. आत काय बोलले ते मला आजवर कळलेलं नाही. तासाभराने तपासलेलं प्रकरण घेऊन परत आले.

“आणि अर्ज?”

“थो त्रुटीत ठेवला. कायले घाई करून राह्यली?”

मी डॉक्टर झाले, तिथंच शिकवू लागले, मुलांची गाइडही झाले. बडे बाबू निवृत्त होऊन दारव्ह्याजवळच्या आपल्या तांड्यावर गेले. कक्षाला आता पाटी आहे, रंगीत भित्तिपत्रक आहे, बहुतेक वेळा कुलूपही असतं. परवा माझीच एक विद्यार्थिनी नोंदणी रद्द करायचा अर्ज घेऊन आली. मी तो तीनदा वाचला. मेली ही मुलं संगणकावर लिहितात, समाससुद्धा चुकत नाही! शेवटी बाहेर व्हरांड्यात जाऊन त्यांना फोन लावला. त्यांचा आवाज फार थकलेला वाटला.

“बाबूजी, अर्जात एकही चूक सापडत नाही हो.”

“अर्जात नसन तं तुयात पाह्य,” ते म्हणाले. “गाइड तूच ना तिची?”

मी आत आले. पोरगी टेबलापुढे तशीच उभी होती. मी तिला अजून बससुद्धा म्हटलं नव्हतं.