रिम्मा आर्सेन्येव्नाची नऊ हजार कार्डं

रिम्मा आर्सेन्येव्ना कोकोरिनाला सगळं गाव ओळखायचं, पण ती नेमकं काय करते असं कुणी विचारलं असतं तर एकालाही धड सांगता आलं नसतं. अध्यापक विद्यालयाच्या रशियन भाषा विभागात ती मदतनीस होती. खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे, खडू तिच्याकडे, चहाची किटली तिच्याकडे आणि प्राध्यापक विसरून जात त्या टोप्या आणि छत्र्याही तिच्याकडेच. पण तिच्या कोटाच्या खिशात कायम कोऱ्या कार्डांची चळत असे. सुखोना नदीकाठच्या त्या गावात कुणी काही ध्यानात राहण्यासारखं बोललं, की दोन मिनिटांत रिम्मा तिथून उठायची आणि जिन्यात जाऊन उभी राहायची.

"गेली बघा लिहायला," लोक म्हणायचे. "आता बोलायचीसुद्धा चोरी."

चोरी वगैरे काही नव्हती, कारण बोलायचं कुणीच थांबलं नाही. सुरुवातीला तिने एकदा टेपरेकॉर्डर नेऊन पाहिला होता. तो टेबलावर ठेवल्याबरोबर शेजारची लुकेर्या सविच्ना ताठ बसली, डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि "प्रिय नागरिकहो" अशी सुरुवात करून बटाट्याच्या पिकावर वीस मिनिटं भाषण ठोकलं. रिम्माने टेपरेकॉर्डर परत करून टाकला. तेव्हापासून कान आणि पेन्सिल एवढंच तिचं सामान.

कार्डावर ती वाक्य लिही, तारीख लिही, आणि खाली एक रकाना स्वतःच्या मनाने घाली. तो तिला कुणी शिकवला नव्हता. टेबलावर काय होतं आणि आणखी कोण ऐकत होतं, हे त्यात असे. नाव मात्र कुणाचं नसे. कार्ड लिहून झालं की ती त्या माणसाला ते वाचून दाखवायची आणि शब्द द्यायची की तुमचं नाव मेल्यावरसुद्धा बाहेर येणार नाही. लोक हसून म्हणायचे, "ठेवा हो रिम्मामावशी." तीस वर्षांत अशी नऊ हजार चारशे कार्डं झाली. विभागाच्या मागच्या खोलीत पूर्वी नकाशे ठेवायचे, त्या खणांत ती भरलेली होती.

ती कुणाच्या दृष्टीस पडली नसती, पण एकदा विभागातले वृद्ध प्राध्यापक वेन्यामिन ल्वोविच जगाचा नकाशा शोधत त्या खोलीत शिरले. नकाशा काही सापडला नाही. चार तासांनी रिम्मा किल्ली घेऊन कुलूप लावायला गेली, तर म्हातारा जमिनीवर बसलेला, चष्मा कपाळावर, भोवती कार्डांचा पसारा.

"रिम्मा, अगं वेडे," ते म्हणाले, "हा प्रबंध आहे. तू गेली तीस वर्षं प्रबंध लिहितेयस आणि मला चहा पाजतेयस!"

रिम्माला त्या कार्डांत एक गोष्ट दिसली होती. आपली माणसं 'मी खात नाही' असं म्हणत नाहीत, 'मला खाववत नाही' म्हणतात. 'मी काम करत नाही' म्हणत नाहीत, 'आज काही काम करवत नाही बुवा' म्हणतात. यावर मोठमोठ्या लोकांनी पुष्कळ लिहिलं होतं, की हा माणूस पडला दैवाधीन, त्याच्या डोक्यात जगच असं आहे, त्याला वाटतं की आपण काही करत नाही, सगळं आपल्यावर येऊन कोसळतं. रिम्माला हे वाचून राग यायचा. ती ज्या बायकांमध्ये वाढली होती त्या लाकडं फोडायच्या, गायी राखायच्या, नवऱ्याला दारूच्या दुकानातून कॉलर धरून घरी आणायच्या. कसल्या दैवाधीन! मग तिने स्वतःच्या त्या रकान्याप्रमाणे कार्डं लावून पाहिली, आणि दिसलं की माणूस असं बोलतो ते बहुतेक वेळा समोर कुणीतरी बसलेलं असताना. ज्याने स्वयंपाक केलाय, ज्याने बोलावलंय, ज्याच्या मनाला लागेल, असं कुणीतरी. तसं कुणी समोर नसलं की तोच माणूस सरळ 'नाही खात जा' म्हणतो. हे दैव नव्हे, ही माया आहे, असं रिम्माचं म्हणणं. प्रबंधात मात्र 'माया' हा शब्द राहिला नाही, वेन्यामिन ल्वोविचांनी तो तीनदा खोडला.

त्याच वर्षी विभागाला नवे प्रमुख आले. त्यांना मागच्या खोलीत संगणक ठेवायचे होते. हल्ली सगळी वाक्यं संगणकात मिळतात, ही रद्दी कशाला, असं त्यांचं मत. रद्दी हा शब्द त्यांनी रिम्माच्या तोंडावर वापरला. शेवटी बऱ्याच रदबदलीनंतर ठरलं ते असं: प्रबंध मान्य झाला तर कार्डं विद्यालयाच्या संग्रहात कायमची राहतील, नाही झाला तर जूनमध्ये ट्रक येईल. रिम्माला पदवीची हौस नव्हती. एकोणसाठाव्या वर्षी पदवी घेऊन ती काय किटलीला बांधणार होती? तिला कार्डं हवी होती.

मे महिन्यात, दोन हजार आठ साली, प्रांताच्या शहरात विद्वत्परिषदेपुढे तिची परीक्षा ठेवली. उमेदवाराने सगळ्यांसमोर उभं राहून आपल्या प्रबंधाचं समर्थन करायचं, परिषदेने गुप्त मतदान करायचं, आणि निकाल लागला की शेजारच्या खोलीत सगळ्यांना जेवू घालायचं, ही आमच्याकडची रीत. जेवण निकालाआधीच मांडून ठेवावं लागतं. त्यामुळे नापास झालेल्या माणसाचं दुःख दुप्पट होतं, एवढ्या पदार्थांचं करायचं काय म्हणून.

आळीतल्या बायकांनी हे काम आपल्याकडे घेतलं. पहाटेच्या बसने अकराजणी आल्या, मांडीवर टोपल्या आणि पातेली घेऊन. पुढारी होती तास्या, हमामखान्यातली. तिच्यामागे लुकेर्या सविच्ना, वय ब्याऐंशी, आणि तिची सून झोया, किराणा दुकानात वजनकाट्याशी बसणारी. दहा वाजेपर्यंत पिठात कोबीचं सारण भरून भाजलेले पिरोग, खारवलेल्या आळंब्या, थंड मटणाची वडी, सगळं पांढऱ्या चादरीवर मांडून झालं. मग रिकाम्या बसून काय करणार, म्हणून सगळ्याजणी एप्रनसकट सभागृहात येऊन मागच्या बाकांवर बसल्या.

"आपली रिम्मा बघ कशी उभी आहे," लुकेर्या कुजबुजली. तिची कुजबुज तिसऱ्या रांगेपर्यंत जायची. "पाठीत वाकलीय थोडी."

"गप्प बसा हो आई," झोया म्हणाली.

पहिला तास बरा गेला. दोन्ही परीक्षकांनी अहवाल वाचले, ठीकठाक कौतुक केलं. मग परिषदेतले गेर्मान अवेरियानोविच उठले. उंच, सुकलेले, आवाज हळू. ते रागावले असते तर रिम्माला बरं वाटलं असतं.

"आदरणीय रिम्मा आर्सेन्येव्ना," ते म्हणाले, "ध्वनिमुद्रण एकही नाही. बोलणाऱ्याचं नाव एकही नाही. मग ही वाक्यं कुणी उच्चारली, की आपण सवडीने टेबलाशी बसून रचली, हे आम्ही कसं ठरवायचं?"

वेन्यामिन ल्वोविचांनी डोळे मिटून घेतले. रिम्माने नमुना म्हणून एक पेटी आणली होती. गेर्मान अवेरियानोविच तिच्याजवळ आले, न बघता एक कार्ड काढलं आणि मोठ्याने वाचलं.

"जानेवारी अठ्ठ्याण्णव, जुन्या पंचांगाप्रमाणे नाताळचा दिवस. स्त्री, वय चौतीस, दुकानात नोकरी. स्थळ, सासूचं घर. टेबलावर अख्ख्या माशाचा पिरोग. ऐकणारे: सासू, नवरा, शेजारीण. वाक्य: 'आई, पिरोग काय सुंदर झालाय, पण आज मला काही खाववतच नाही हो.'" त्यांनी कार्ड खाली ठेवलं. "फारच सोयीचं आहे. आपल्याला सिद्ध करायचं तेच, जसंच्या तसं. मी आपल्यावर आरोप करत नाही. ही बाई कोण, एवढं सांगा. तिला पत्र पाठवता येईल, विचारता येईल."

रिम्माची नजर आपोआप मागच्या बाकाकडे गेली आणि तिने ती लगेच ओढून घेतली. झोया तिथे बसलेली होती, चेहरा बिटासारखा लाल करून. नाव उच्चारलं की काम झालं असतं. पण समोर बसलेल्या सासूला दहा वर्षांनी कळलं असतं, की त्या नाताळला काय घडलं होतं.

"नाही सांगता येणार," रिम्मा म्हणाली.

"का?"

"मी शब्द दिलाय."

"आपला प्रबंध यावर अडलाय, हे आपल्या लक्षात येतंय ना?"

"येतंय," रिम्मा म्हणाली. तिने टेबलाची कड धरली. नऊ हजार कार्डं ट्रकमध्ये चढताना तिला दिसली. तरी तोंडातून नाव काही निघालं नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, की उपस्थितांपैकी कुणाला काही बोलायचं आहे का. नियमाने कुणीही बोलू शकतं. एरवी या वेळी कुणी सहकारी उठतो, खिशातला कागद काढतो आणि उमेदवार किती कष्टाळू आहे ते सांगतो. आज कुणी उठलं नाही.

तेवढ्यात मागून लुकेर्याची ती कुजबुज आली. "नाताळ... माशाचा पिरोग... दुकानातली... अगं झोया! ही तू गं! दाढ दुखतेय म्हणाली होतीस की!"

सभागृहाने मान वळवली. झोया 'मी नाही' म्हणून मोकळी होऊ शकली असती. वीस वर्षं सासूच्या हाताखाली काढलेल्या बाईला तेवढं सहज जमतं. तिने एकदा पुढे उभ्या असलेल्या रिम्माकडे पाहिलं आणि उठली. एप्रनला कोबी लागलेला होता.

"मीच ती," ती म्हणाली. "झोया पोनोमार्योवा. दाढ दुखत नव्हती, आई. मासा कच्चा होता. आतून गारेगार!"

"कच्चा?" लुकेर्या उभी राहिली. "माझा मासा?"

"सगळ्यांनी थोडा थोडा ताटात लपवला. तुमच्या मुलाने खिडकीतून मांजराला दिला."

"दहा वर्षं! दहा वर्षं मी त्याच पद्धतीने करतेय!"

"म्हणून तर दर नाताळला माझी दाढ दुखते!"

पहिल्यांदा परिषदेतली एक वयस्क बाई फिस्सकन हसली, मग सगळंच सुटलं. अध्यक्ष पेन्सिल आपटत राहिले. गेर्मान अवेरियानोविच मात्र हसले नाहीत. ते पायऱ्या चढून मागच्या बाकांपाशी गेले आणि अगदी गंभीरपणे त्यांनी विचारलं, "मग आपण 'मी खात नाही' असं सरळ का नाही म्हणालात?"

झोयाने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "साहेब, तुम्हाला सासू होती का हो कधी?"

"होती."

"मग विचारता कशाला? तोंडावर तसं कसं म्हणणार? बिचारी पहाटे चारला उठून बसली होती पिठाशी. दुखलं असतं तिला."

लुकेर्या खाली बसली, रुमालाचं टोक ओढत राहिली, आणि थोड्या वेळाने सुनेच्या एप्रनवरचा कोबी बोटाने झटकून टाकला. गेर्मान अवेरियानोविच तिथेच उभे होते. रिम्माच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण, एकशे चाळीस पानं, त्यांच्या डोळ्यांसमोर एप्रन घालून उभं होतं.

मग तास्या उठली. "माझं आहे का त्यात? हमामखान्यातलं? 'आज वाफेत बसवत नाही', असं मी इन्स्पेक्टरला म्हणाले होते, त्र्याण्णव साली!" दोन बाकं सोडून आणखी एक उठली. तिला आपलं गायीच्या बाजारातलं कार्ड हवं होतं. गेर्मान अवेरियानोविच खाली येऊन पेटीत हात घालत होते, कार्ड वाचत होते, आणि मागून कुणीतरी "माझं!" म्हणून ओरडत होतं, आणि कार्डावर नसलेलंही पुढचं मागचं सगळं सांगत होतं. सहावं कार्ड वाचून झाल्यावर ते थांबले.

"नोंद करा," ते सचिव मुलीला म्हणाले. "माझा आक्षेप मी मागे घेतो. पूर्णपणे."

मतपत्रिका मतपेटीत पडल्या. मोजणी करायला तिघं बाहेर गेले, तेवढ्या वेळात रिम्मा पाणीसुद्धा प्यायली नाही. परत आल्यावर अध्यक्षांनी उभं राहून वाचलं: उपस्थित सभासद सतरा, बाजूने सतरा, विरोधात एकही नाही. वेन्यामिन ल्वोविच उघड उघड रडत होते, त्यांना रुमाल सापडत नव्हता. कार्डं राहिली होती. नऊ हजार चारशेच्या नऊ हजार चारशे राहिली होती, आणि त्यांना आता कुणी रद्दी म्हणू शकणार नव्हतं. रिम्माला इतका आनंद झाला की तिला तो कुठे ठेवावा कळेना.

रीतीप्रमाणे उमेदवाराने आता आभार मानायचे. रिम्माच्या हातात यादी होती, सगळे प्राध्यापक मानाच्या क्रमाने. तिने ती वाचली, चुकली, पुन्हा वाचली. मग ती वळली. परिषदेकडे पाठ करणं उद्धटपणाचं समजतात, पण ती वळली आणि मागच्या बाकांकडे तोंड करून उभी राहिली.

"आणि ज्यांच्या बोलण्यामुळे हे झालं," ती म्हणाली, "त्यांची नावं मला घेता येत नाहीत. मी शब्द..."

"अगं, माझं घे की!" लुकेर्या सविच्ना बाकावर हात आपटून ओरडली. "लुकेर्या सविच्ना पोनोमार्योवा! लिही गं पोरी, कच्चा मासा माझा!"

"झोया अनातोल्येव्ना पोनोमार्योवा!"

"तास्या, म्हणजे तायसिया मिरोनोव्ना, हमामखाना!"

सगळ्याजणी एकदम बोलायला लागल्या, अकराच्या अकरा, नाव, बापाचं नाव, गाव, काहीजणींनी तर गायीचंही नाव सांगितलं. सचिव मुलगी गोंधळून अध्यक्षांकडे बघायला लागली. गेर्मान अवेरियानोविचांनी तिच्या हातातून पेन घेतलं, स्वतः खुर्ची ओढून बसले आणि मागच्या बाकांकडे पाहून, आयुष्यात पहिल्यांदाच असेल, मोठ्याने ओरडले, "गडबड करू नका बायांनो! एकेकीने बोला! सगळ्यांची नावं लिहून घेणार आहे मी!"