टिपणीस काकांचा मालक

टिपणीस काका गाडीत बसले की सीटबेल्ट लावायच्या आधीच 'आपलं' सुरू करायचे. मिशिगनमधल्या ट्रॉय गावाहून आमच्या कारखान्यापर्यंतच्या रस्त्यावर जे काही दिसेल ते त्यांच्या मते आपलं असण्याची दाट शक्यता होती. शेजारून ट्रक गेला की, "ह्याच्या चाकांत आपलं अॅल्युमिनियम असणार." वर विमान दिसलं की, "विमानाचाही कारखाना आहे आपला, मेधा. शिवाय विमानतळ." विम्याची जाहिरात, वर्तमानपत्राची गाडी, पुलाचं बांधकाम, काहीच सुटायचं नाही. आम्ही कामावर एकाच गाडीनं जायचो आणि गाडी मी चालवत असायचे, त्यामुळे कानांवर हात ठेवायचीही सोय नव्हती.

या 'आपल्या'त मराठी माणसं येत नव्हती आणि भारतही येत नव्हता. आमचा कारखाना मोटारींसाठी अॅल्युमिनियमचे भाग ओतायचा. मिशिगनमधल्या एका कुटुंबानं तो उभा केला होता, आणि त्यांच्या तिसऱ्या पिढीला कंटाळा आल्यावर दोन हजार सहाच्या सुमारास तो एका रशियन धनिकानं विकत घेतला. या गृहस्थाकडे वीज होती, जंगलं होती, मोटारी होत्या, बँक होती, आणि काय नव्हतं ते त्याच्या समूहाच्या वेबसाइटवर शोधून सापडत नव्हतं. कारखान्यात सुतक पडल्यासारखं झालं. आमचा फोरमन डेव्ह म्हणाला, "शाळेत ह्या लोकांच्या बॉम्बला घाबरून आम्ही बाकाखाली लपायची प्रॅक्टिस केली. आता ह्यांच्याच चेकची वाट बघायची." सगळ्या कारखान्यात आनंदी असा एकच माणूस होता. भट्टी विभागाचे प्रमुख वसंत टिपणीस.

काका मूळचे सांगलीचे. विशीत शिष्यवृत्ती मिळवून लेनिनग्राडला धातुशास्त्र शिकायला गेले, आणि तिथली पदवी घेऊन, कसे कोण जाणे, डेट्रॉईटला पोचले. इथे त्या पदवीला कुणी विचारलं नाही. त्यांच्यापेक्षा कमी शिकलेली माणसं त्यांच्या डोक्यावर बसली, आणि रशियाचा विषय निघाला की लोक त्यांच्याकडे संशयानं बघायचे. तीसेक वर्षं त्यांनी ती भाषा मनात मिटून ठेवली होती. मग मॉस्कोची मंडळी पहिल्यांदा कारखाना बघायला आली, तेव्हा भट्टीपाशी उभ्या असलेल्या या टक्कल पडलेल्या हिंदुस्थानी माणसानं घडाघडा रशियनमध्ये स्वागत केलं. पाहुण्यांनी त्यांना मिठ्या मारल्या. त्या दिवशी काकांना जे चढलं ते दोन वर्षं उतरलं नाही.

मी खरेदी विभागात होते, त्यामुळे त्या चढण्याची किंमत मला मोजावी लागली. समूहाचा नियम असा की जे समूहात बनतं ते समूहातूनच घ्यायचं. अॅल्युमिनियमच्या लगडी सायबेरियातून यायच्या. एकदा तो माल बंदरात अडकला, कारण लगडी ज्या लाकडी फळ्यांवर रचल्या होत्या त्यांत किडे निघाले. मी आठवडाभर फोनवर होते. बंदरावरच्या साहेबापासून धूर मारणाऱ्या कंत्राटदारापर्यंत सगळ्यांची मनधरणी करून घरी निघाले, तर काका गाडीत शांतपणे म्हणतात, "लाकूडसुद्धा आपलंच होतं बघ." मी ब्रेकच मारला. मागच्यानं हॉर्न वाजवला. काका म्हणाले, "जपून चालव. चिडून काय होतंय? घरचा गहू असला की चार खडे निघणारच."

"काका, हे घर नाही," मी म्हणाले. "एका माणसाचा खिसा आहे."

"घरात मिळवणारा एकच असतो गं. खातात सगळेच."

वाद असा घालायचे की समोरच्यानं केस उपटावेत. लेनिनग्राडमध्ये पहिल्याच हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला होता. तेव्हा ज्या कारखान्यात ते उमेदवारी करत होते तिथल्या बायकांनी पाळी लावून त्यांना सूप भरवलं होतं. ते सूप काकांच्या अंगात अजून होतं. तो देश मोडला, तो कारखाना कुणा धनिकाच्या घशात गेला, हे सगळं त्यांना ठाऊक होतं. मी सांगितलं की मान डोलवायचे. आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसले की पुन्हा ट्रकच्या चाकांत आपलं अॅल्युमिनियम.

दोन हजार आठ साल लागलं आणि मोटारींचा धंदा बसला. आमच्या तीनपैकी एक पाळी बंद झाली. माझा जीव टांगणीला लागला, कारण माझा व्हिसा नोकरीला बांधलेला, आणि नवरा महेश माझ्या व्हिसावर आलेला, त्याला काम करायची परवानगीच नाही. कारखाना बंद पडला तर आम्ही दोघं बॅगा भरून पुण्याला परत. अशात टेक्सासमधल्या शुगर लँडच्या एका कंपनीतल्या मॅनेजर बाईंनी मला नोकरीला बोलावलं. तेलविहिरींची यंत्रं बनवणारी कंपनी होती, व्हिसाही बदलून देणार होती. मी काकांना गाडीतच सांगितलं.

"जाऊ नकोस," ते म्हणाले. "मोठं घर आहे आपलं. एका धंद्यात मार बसला तर दुसरा सांभाळून घेतो. म्हणून तर मालकानं इतकं सगळं जमवलंय. तिकडे त्या उकाड्यात तुला कोण ओळखतं?"

त्यांनी हे इतक्या खात्रीनं सांगितलं, आणि नंतरही रोज सांगत राहिले, की मी शुगर लँडच्या बाईंना नाही म्हणून कळवलं. महेश तीन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

पुढच्याच आठवड्यात मॉस्कोहून पाहुणा आला. तिशीतला मुलगा, सुंदर बूट घातलेला, सोबत दोन वकील. सगळ्यांना कँटीनमध्ये जमवलं. पाहुण्याला इंग्रजी जेमतेम येत होतं, म्हणून काका भाषांतराला उभे राहिले. कुसुमकाकूंनी इस्त्री करून दिलेला कोट त्यांनी घातला होता. पाहुणा हातातल्या कागदांत बघत एक वाक्य बोलला. काकांनी भाषांतर न करता हळूच त्यालाच काहीतरी विचारलं. पाहुण्यानं कागद उलटून पाहिला, खांदे उडवले आणि पुढचा मजकूर वाचून दाखवला.

"काय म्हणतोय?" डेव्हनं विचारलं.

काका कँटीनकडे वळले आणि इंग्रजीत एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "ते म्हणतात, तुम्ही चांगल्या शिड्या बनवता. मी सांगितलं, आम्ही शिड्या बनवत नाही. ते म्हणतात, काही फरक पडत नाही. मालकांनी दुसऱ्या एका कंपनीसाठी कर्ज घेताना आपल्याला गहाण ठेवलं होतं. बँकेनं आता आपल्याला ताब्यात घेतलंय. बँकेला कारखाना चालवायचा नाही. वर्षअखेर बंद."

त्यांनी एकही शब्द मऊ केला नाही. डेव्हनं कॉफीचा कप कचऱ्यात टाकला आणि तो पाळीवर गेला.

त्या संध्याकाळी मी गाडी सुरू केली नाही. काकांकडे बघितलं तर तोंडून काय जाईल याची मला खात्री नव्हती. काकाच म्हणाले, "त्या शुगर लँडच्या बाईंचा नंबर लाव."

"मी त्यांना नाही म्हणून कळवलंय. तुमच्यामुळे."

"म्हणूनच लाव."

"काका, इथे असं करत नाहीत. उमेदवाराच्या वतीनं कुणी म्हातारा फोन करत नाही. वेड्यात काढतील मला."

त्यांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला, चष्मा कपाळावर सरकवून नंबर शोधला आणि दार उघडून बाहेर गेले. पार्किंगमधल्या गाड्यांमधून ते येरझारा घालत होते, मोकळा हात हवेत फिरवत होते. एकदा हसले. मग बराच वेळ मान खाली घालून ऐकत राहिले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसले होते. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, आणि राग तर इतका होता की त्यांना तिथेच सोडून निघून जावंसं वाटत होतं.

परत येऊन त्यांनी सीटबेल्ट लावला. "जागा अजून आहे. मी सांगितलं, पोरीची चूक नाही, चुकीचा सल्ला माझा. सोमवारी तू स्वतः बोल. आणि पगार मागच्या वेळेपेक्षा जास्त माग."

ऑक्टोबरात आम्ही शुगर लँडला आलो. पहिल्याच आठवड्यात त्या फोनवरच्या बाईंनी, म्हणजे माझ्या नव्या मॅनेजर बार्बरानं, जेवताना काकांची चौकशी केली. "तुझे अंकल माझ्याशी धातूंवर बोलत बसले," ती म्हणाली. "आम्हाला तसाच माणूस हवा होता. मी त्यांना म्हटलं, तुम्हीही या. नाही म्हणाले."

काकांनी हे मला सांगितलं नव्हतं, कुसुमकाकूंनाही सांगितलं नसणार. हाताशी पेन्शन नाही, दोघांचा आरोग्यविमा नोकरीबरोबर जाणार, आणि हा माणूस पार्किंगमध्ये उभं राहून चालत आलेल्या नोकरीला नाही म्हणतो. मी तशीच उठून गाडीत गेले आणि फोन लावला. सुचेल ते सगळं बोलले. तुम्ही काय कारखान्याचे जावई आहात का, असंही बोलले. काकांनी मला पूर्ण बोलू दिलं.

"अगं, भट्ट्या विझवायच्या आहेत," मग ते म्हणाले. "त्या हळूहळू थंड कराव्या लागतात. घाई केली की आतल्या अस्तराला तडे जातात. बँकेची पोरं नुसतं बटण बंद करून घरी जातील. मग घेणाऱ्यानं काय करायचं?"

"कोण घेणार आहे, काका?"

"कुणीतरी घेईलच की."

कुणीही घेतल्या नाहीत. डिसेंबरात काकांनी त्या भट्ट्या स्वतः उभं राहून विझवल्या, नाताळच्या सुट्टीतही तिथे जाऊन बसले. पुढे भंगारवाल्यानं येऊन त्या मोठ्या हातोड्यांनी फोडल्या, तेव्हा काका बघायला गेले होते. घरी आले, कोट काढला आणि कुसुमकाकूंना म्हणाले, "अस्तराला एक तडा नव्हता." हे काकू मला फोनवर सांगत होत्या ते काकांचं तेरावं झाल्यानंतर. मी ऑफिसबाहेर गाडीत बसून ऐकत होते, रडत होते, आणि त्या माणसावर मनापासून चिडत होते.