रिकाम्या नळीतला साका

धुळ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत मे महिन्यात थर्मामीटरसुद्धा सावली शोधायचा. त्या भट्टीत मी नव्वद सालाच्या आसपास पीएच.डी. करत होतो, म्हशीच्या दुधावर. दूध चोपड्याहून एसटीनं यायचं, आणि इतकं दाट, की किटलीत उभा केलेला चमचा संध्याकाळपर्यंत सावधान असायचा.

दुधातल्या केसीन या प्रथिनाला जागोजाग फॉस्फेट चिकटलेलं असतं. ते प्रथिन तोडायचं आणि त्या तुकड्यांच्या गर्दीतून फॉस्फेटवाले तेवढे वेचायचे, हे माझं काम. वेचणारा होता लँथॅनम, दुर्मिळ मृदा धातूंपैकी एक. त्याचं पाणी थेंबभर टाकलं की फॉस्फेटवाले तुकडे त्याला मिठी मारत आणि पांढरा साका होऊन तळाशी बसत. बाकीचे वर विरघळलेलेच. त्याची बाटली मागवली तेव्हा मला मिशी नव्हती. आली तेव्हा मी तिला पीळ देत होतो. माझे मार्गदर्शक सर ती कुलपात ठेवत. त्यांच्या बाईंचे दागिने मात्र बहुतेक घरी उघड्यावर असावेत.

दर वेळी एक नळी रिकामी ठेवायची. म्हणजे दूध सोडून सगळं तिच्यात घालायचं. ती नितळ राहिली तरच बाकीच्या नळ्या खऱ्या. माझी ती नळी गढूळ व्हायची. ज्यात मिठी मारायला कुणीच नाही, तिथंही लँथॅनम कुणाला तरी धरून खाली बसायचा.

माझ्या आधी त्याच टेबलावर एक मुलगा हेच काम करायचा. कावीळ झाली आणि गेला. त्याच्या आईला सरांनी प्रयोगशाळेत रोजंदारीवर लावून घेतलं होतं. आम्ही तिला अक्का म्हणायचो. काचेची भांडी ती धुवायची. पहिल्यांदा ती नळी पांढरी झाली तेव्हा अक्का माझ्या मागं उभी होती.

"भाऊ, यामा तर काहीच टाकं नही ना तुम्ही?"

"नाही अक्का."

"मंग उना तो." तिनं पदर नीट केला. "मना पोऱ्यानं काम अर्धं ऱ्हायनं शे."

तिचा गेलेला पोरगा आला म्हणे, अर्धं राहिलेलं काम पुरं करायला. मी हसायला तोंड उघडलं. मी, जो तापीतली मगर पाठीवर घेऊन पैलतीरी उतरवून दिल्याची थाप शपथेवर मारतो! पण पंखा बंद होता, खिडक्या बंद होत्या, आणि मानेवर गार वारा लागला. हसू तोंडातच राहिलं. त्यानंतर रोज अक्का त्या नळीशी हळू आवाजात बोलायची. भाकरी खाल्ली का, ते आधी विचारायची.

एकदा ती भडगावला बहिणीकडे गेली म्हणून नळ्या मीच आम्लात बुडवून धुतल्या. रिकामी नळी नितळ! मी मोरीखाली वाकून पाहिलं. तिथं पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, राखेचा डबा आणि काथ्या. घरची भांडी घासावी तशी ती नळ्या राखेनं घासायची, आणि धुळ्यात नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही म्हणून घोटभर पाण्यात खंगाळायची. राखेत फॉस्फेट असतं. आमचं भूत चुलीतून येत होतं.

अक्का परतली. नितळ नळी तिनं उजेडात धरली, फिरवली, पुन्हा धरली.

"काय चुकनं भाऊ? रागावना का तो?"

त्या दिवशी तिचा जेवणाचा डबा तसाच परत गेला. दुसऱ्या दिवशी मी माझ्या नळ्या आम्लात धुतल्या आणि एक तिच्यासाठी सोडली. ती राखेनंच घासली गेली. लँथॅनम टाकला. तो आला.

मग परीक्षक आले, पुण्याचे, चष्म्याला दोरी बांधलेले. माझी नितळ नळी पाहून मान डोलावली आणि शेजारची उचलली. "ही काय?"

"रिकामीच आहे, सर."

"मग गढूळ कशी? घाण नळ्या वापरता?"

अक्का चहाचा ट्रे घेऊन दारात उभी. 'राख' म्हटलं असतं तर मी सुटलो असतो, आणि तिचा पोरगा दुसऱ्यांदा मेला असता, या वेळी माझ्या तोंडून.

"कारण सापडलं नाही, सर."

"सापडलं नाही?" त्यांनी चष्मा सोडला, तो छातीवर आपटला. "मग प्रबंधात तसं लिहा. आणि सगळे प्रयोग पुन्हा करून दाखवा. तोवर सही नाही."

आयुष्यभर इतक्या थापा मारल्या, पण पुठ्ठ्याच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांखाली बसलेली ही एकच.

ते गेल्यावर अक्कानं ट्रे टेबलावर ठेवला. नळीवर वाकली.

"दखं का रे? मोठा सायेबले बी समजनं नही. चाल आते, घर चाल. भाकर थंडी व्हयनी."

ती दाराकडे निघाली, मागं वळून पाहत, पाठीमागून कुणी येतंय ना याची खात्री करत. मी वाटेत उभा होतो. राखेचं सगळं रसायन मला पाठ होतं. तरी मी बाजूला सरकलो, आणि ती गेल्यावरही जरा वेळ तसाच भिंतीला चिकटून राहिलो, मागच्याला जागा हवी म्हणून.